लक्ष वेधून घेणारा कुत्रा: नुसतं दुर्लक्ष करून का भागत नाही

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या फ्लॅटमध्ये १४ महिन्यांचा नर लॅब्रॅडॉर आहे. नवरा-बायको आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतात, घरात आजी आणि ९ वर्षांची मुलगी. मीटिंग सुरू झाली की कुत्रा समोर उभा राहून भुंकतो, चप्पल-मोजे तोंडात धरून पळतो, जेवताना मांडीवर पंजा मारतो, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो. रागावून झालं, पाण्याचा फवारा मारून झाला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून चार दिवस पूर्ण दुर्लक्ष केलं, तर भुंकणं आणखी वाढलं आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली. तो हट्टी आहे का, घरावर हुकूम गाजवायला बघतोय का, आणि आता करायचं काय?

आधी धीर देतो. दुर्लक्ष केल्यावर भुंकणं वाढलं, म्हणजे तुमचा कुत्रा बिघडलेला नाही. जे घडलं ते अपेक्षितच होतं, फक्त तुम्हाला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला अर्धा आहे. माणसाचं लक्ष ही कुत्र्याची खरी गरज आहे. ती तोडून टाकली तर तो ती दुसऱ्या वाटेने भागवतो, आणि ती वाट बहुधा जास्त आवाजाची असते. म्हणून क्रम उलटा लावायचा: त्याने मागायच्या आधी लक्ष द्यायचं, शांत असताना भरपूर द्यायचं, आणि मगच भुंकण्याला मिळणारं लक्ष बंद करायचं. पहिल्या दोन गोष्टी न करता तिसरी केली की जे व्हायचं तेच तुमच्या घरी झालं.

हे खरंच लक्ष वेधणं आहे का, ते आधी ठरवा

लक्ष वेधण्यासाठी केलेल्या वागण्याची ओळख सोपी आहे. कुत्रा ते करताना तुमच्याकडे बघत असतो. तुम्ही बघितलंत, बोललात की क्षणभर थांबतो. आणि खोलीत कुणी नसेल तर करत नाही. तुम्ही आत असताना बाहेर पडलेली चप्पल तशीच पडून राहते. तुमच्या वर्णनात या तिन्ही गोष्टी दिसतात. तरी दोन शक्यता तपासून घ्या.

एक, दुखणं. लॅब्रॅडॉरचे कान लोंबते असतात, पावसाळ्यात आत ओल राहून संसर्ग होतो. डोकं झटकणं, कान जमिनीला घासणं, कानाला आंबूस वास येणं ही त्याची लक्षणं. कातडीची खाज, गोचीडताप, कंबरेच्या सांध्याचं दुखणं, लघवीचा संसर्ग या सगळ्यांत कुत्रा अस्वस्थ होऊन सारखा माणसाच्या मागे लागतो. वागणं हळूहळू वाढत आलं असेल तर ती बहुधा सवय. आठ-दहा दिवसांत अचानक सुरू झालं असेल, पाणी पिणं वाढलं असेल, रात्री उठून फेऱ्या मारत असेल, एकच जागा चाटत असेल, तर शिकवणं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे न्या. आठ-नऊ वर्षांपुढच्या कुत्र्याने रात्री-अपरात्री विनाकारण भुंकायला सुरुवात केली तरी पहिली पायरी तपासणीचीच.

दोन, भीती. घराबाहेर जाताना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि अर्धा तास बाहेर रहा. मागे तो दार खरवडतोय, लाळ गाळतोय, सतत विव्हळतोय असं दिसलं तर ती एकटेपणाची भीती आहे. तिच्यावर दुर्लक्ष हा उपाय नाही, त्याने ती वाढते. दिवाळीचे फटाके आणि विसर्जनाचे ढोल यांचंही तसंच. घाबरलेला कुत्रा जवळ आला तर त्याला खुशाल जवळ घ्या. कुरवाळल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. भीती ही भावना आहे. बक्षीस देऊन ती शिकवता येत नाही.

‘हुकूम गाजवतो’ हे डोक्यातून काढून टाका

कुत्रा घरातला ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, व्हायला बघतो, ही कल्पना प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या लांडग्यांवरच्या अभ्यासापर्यंत मागे जाते. ते लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात बंदिस्त होते. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी कॅनडाच्या एल्स्मीअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये मांडलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी मारामारी चालत नाही. शिवाय तुमचा कुत्रा लांडगाही नाही. हे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. ‘हा माझ्यावर कुरघोडी करतोय’ असं वाटलं की माणूस त्याला दाबायला जातो, जमिनीवर पालथा करतो, मान धरतो. त्यातून कुत्रा घाबरतो आणि एक दिवस चावतो. तुमच्या कुत्र्याच्या डोक्यात एवढंच आहे: भुंकलं की माणूस वळून बघतं.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना खटका दाबला की उघडणाऱ्या पेट्यांत ठेवून दाखवलं, की ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती कृती पुन्हा पुन्हा होते. त्याच धाग्यावर पुढे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी दाखवलेली गोष्ट तुमच्या घराला जास्त लागू पडते: बक्षीस प्रत्येक वेळी न मिळता अधूनमधून मिळालं, तर ती सवय सगळ्यात चिवट होते. जेवताना पंजा मारल्यावर नऊ वेळा कुणी काही दिलं नाही आणि दहाव्या वेळी आजींनी पोळीचा तुकडा टाकला, तर कुत्रा शिकतो की दहा वेळा पंजा मारायचा असतो. ‘आम्ही तर कधीतरीच देतो’ हेच पंजा न थांबण्याचं कारण असतं.

आणि लक्ष म्हणजे फक्त लाड नव्हे. ‘ए, गप!’ हे लक्ष आहे. ढकलणं, नुसतं वळून बघणं, सुस्कारा टाकणं हेही लक्ष. चपलेमागे धावणं तर त्याच्या लेखी दिवसातला सगळ्यात रंगलेला खेळ. पाण्याच्या फवाऱ्यालाही लॅब्रॅडॉर बऱ्याचदा खेळच समजतो, आणि समजला नाही तर तुमच्या हाताला घाबरायला लागतो. दोन्हीत नुकसान तुमचंच.

पाच दिवस नोंद ठेवा

फ्रिजवर एक कागद लावा, चार रकाने: वेळ, आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, कुणी काय केलं. उदाहरणार्थ: ‘११.१०, मीटिंग सुरू, भुंकला, बाबांनी हात हलवून गप केलं.’ घरातल्या प्रत्येकाने लिहायचं, मुलीनेसुद्धा. पाच दिवसांनी कागद वाचलात की बहुतेक सगळा त्रास ठरावीक दोन-तीन वेळांत एकवटलेला दिसेल. घरून काम करणाऱ्यांकडे बहुधा सकाळी अकराच्या आसपास आणि संध्याकाळी पाच ते आठ. शिवाय शेवटच्या रकान्यात कुणाचं नाव सारखं येतं तेही कळेल. त्यावरून कुणाला बोल लावू नका. उपाय कुठे करायचा, एवढंच त्यातून बघायचं.

गरज आधी भागवा

पूर्ण वाढ झालेला कुत्रा दिवसाला साधारण १२ ते १४ तास झोपतो. १४ महिन्यांचा लॅब्रॅडॉर अंगाने मोठा दिसला तरी अजून वयात येतोय. त्याला विश्रांती कमी पडली की तो दमलेल्या लहान मुलासारखा जास्तच उधळतो. संध्याकाळी सातला घरभर धावणारा, पँट ओढणारा कुत्रा अनेकदा व्यायाम कमी पडलेला नसून झोप कमी पडलेला असतो. दुपारी दोन तास त्याला रहदारीपासून दूरच्या खोलीत, पडदे ओढून, पंखा लावून पडू द्या. त्या वेळात कुणीही हाक मारायची नाही, कौतुकानेही नाही.

फिरणं दिवसातून दोनदा, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटं, आणि त्यातली निम्मी वेळ त्याला हवं तिथे हुंगू द्या. पट्टा दोन-अडीच मीटरचा असावा आणि ढिला असावा. भराभरा चालवलेल्या तासाभरापेक्षा हुंगत केलेला अर्धा तास कुत्र्याला जास्त शांत करतो. चेंडू फेकणं मात्र दहा मिनिटांच्या वर नको; वीस-पंचवीस मिनिटं सतत चेंडू फेकला की कुत्रा दमतो पण शांत होत नाही, घरी येऊन आणखी मागतो. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावरच बाहेर काढा. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

खाणं वाटीत ओतून दोन मिनिटांत संपवू नका. रोजच्या ड्राय फूडचा निम्मा भाग त्याला शोधून खाऊ द्या. जुना सुती टॉवेल पसरा, त्यावर त्या ड्राय फूडचे मूठभर दाणे टाका, गुंडाळा आणि द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगाळलेले कागद भरून त्यात दाणे टाका, फक्त खोक्याच्या पिना आणि चिकटपट्टी आधी काढा. रबरी काँग (आत खाणं भरता येतं असं पोकळ खेळणं) असेल तर भिजवलेले दाणे दोन भाग आणि उकडलेला लाल भोपळा किंवा साधं दही एक भाग असं कालवून भरा. सुरुवातीला चार-पाच वेळा गोठवू नका, नाहीतर तो कंटाळून सोडून देईल. जमायला लागलं की रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. गोठवलेला काँग बहुतेक कुत्र्यांना २० ते ३० मिनिटं पुरतो. दह्याने शौच पातळ झाली तर दही बंद. मनुका, बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण कधीच नाही. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते वाचा. ते कुत्र्याला विषारी आहे.

आणि मुख्य गोष्ट: लक्षाचे हप्ते. जागेपणी दर पाऊण तासाने दोन मिनिटं, त्याने काहीही मागितलेलं नसताना, तुम्ही उठून त्याच्याकडे जायचं. छाती खाजवा, हळू बोला, एखादा खेळ करा, परत जा. मोबाइलवर गजर लावला तरी चालेल. हे फार साधं वाटतं म्हणून लोक सोडून देतात, आणि नेमका इथेच सगळा फरक पडतो. न मागता मिळतंय हे कळलं की मागायची निकड कमी होते.

सतरंजीवर पडून राहायला शिकवा

‘भुंकू नकोस’ हे कुत्र्याला शिकवता येत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही नाही. मीटिंगच्या वेळी त्याने काय करावं ते शिकवावं लागतं. त्यासाठी सतरंजीवर स्वस्थ पडणं ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे.

साधारण दोन फूट बाय तीन फूट सतरंजी किंवा जाड पायपुसणं घ्या, खाली न घसरणारं रबर असलेलं. फरशी गुळगुळीत असेल आणि सतरंजी सरकली तर तो त्यावर मनापासून पडणारच नाही. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे किंवा बिनमिठाच्या पनीरचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. त्याचा हिशेब ठेवा: २५ किलोच्या लॅब्रॅडॉरला दिवसाला सुमारे १२०० ते १३०० किलोकॅलरी लागतात, त्यातला दहावा भाग खाऊत गेला तर चालतो. म्हणजे साधारण ७० ग्रॅम उकडलेलं चिकन. तेवढं तोडलंत की शंभराहून जास्त तुकडे होतात, आणि तितकंच जेवणातून कमी करा. लॅब्रॅडॉरचं वजन झपाट्याने वाढतं आणि सांध्यांना ते झेपत नाही.

सराव तीन मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी १५ ते २० तुकडे. पहिल्या दिवशी सतरंजी पसरा आणि गप्प उभे रहा. त्याने तिच्याकडे बघितलं, एक पाय ठेवला, की लगेच ‘येस’ म्हणा आणि तुकडा सतरंजीवर ठेवा. हातातून भरवू नका. खाणं जमिनीवरून येतंय हे कळलं की नजर आणि डोकं आपोआप खाली जातं. मग एक तुकडा बाहेर फेका, म्हणजे तो उतरेल आणि पुन्हा यायची संधी मिळेल. दुसऱ्या-तिसऱ्या सरावाला चारही पाय वर आल्याशिवाय ‘येस’ नाही. नंतर तो खाली बसेपर्यंत थांबा. ‘झोप’ म्हणू नका, हाताने दाबू नका. तुकडे पुढच्या दोन पंजांच्या मधे ठेवत गेलात तर मिनिटभरात बहुतेक कुत्रे स्वतःहून पोट टेकतात.

आता वेळ वाढवायची. आडवा झाला की दर तीन सेकंदांनी एक, असे पाच तुकडे. मग ‘ओके’ म्हणून एक बाहेर फेका. पुढे तुकड्यांमधलं अंतर ५, ३, ८, ४, १०, ६, १५ सेकंद असं वर-खाली ठेवत न्या. सतत वाढवतच नेलं तर तो मधेच वैतागून उठतो. मग तुम्ही एक पाऊल मागे जा, परत या, द्या. दोन पावलं, परत या, द्या. मग खुर्चीत बसा. मग लॅपटॉप उघडा. मग कान-माइक लावून खोटंखोटं बोला. प्रत्येक पायरीवर खाऊ सतरंजीपाशी जाऊनच द्यायचा. ‘जागेवर’ हा शब्द अगदी शेवटी, दहापैकी आठ वेळा तो आपण होऊन जायला लागल्यावर जोडा. घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. पुढे जावं की मागे यावं, हे ठरवायला एक नियम पाळा: दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर, तर पुढची पायरी, पाच किंवा कमी, तर मागची, मधले आकडे, तर तिथेच रहा.

सराव संपला की सतरंजी गुंडाळून ठेवा. ती कायम पडून राहिली आणि तिच्यावर बसून काहीच मिळालं नाही, तर तिची किंमत जाते.

इथे लोकांचं चुकतं ते असं. कुत्रा उठला, परत बसला आणि लगेच तुकडा मिळाला, तर तो उठ-बस करायला शिकतो. परत बसल्यावर पाच-सहा सेकंद जाऊ द्या, मगच द्या. तुकडा आधी दाखवून बोलावलं तर तुकडा न दिसल्यावर तो येत नाही. उत्साहाने मोठ्याने ‘वा वा’ केलं तर तो उठून शेपूट हलवायला लागतो. आणि शिक्षा म्हणून ‘जा जागेवर!’ असं एकदा जरी ओरडलात, तरी कष्टाने जमवलेलं खूपसं वाया जातं.

त्याच्या अंगाकडे नीट बघायला शिका. पुढचे पाय सरळ, मान ताठ, मागचे पाय दोन्ही बाजूंना सारखे दुमडलेले, म्हणजे तो पडलाय खरा पण सुटायची वाट बघतोय. कंबर एका कुशीवर कलली, मागचे दोन्ही पाय एका बाजूला आले, हनुवटी फरशीला टेकली आणि नाकातून लांब श्वास बाहेर पडला, म्हणजे तो खरंच सैलावला. त्या क्षणी काहीही न बोलता, वाकून, एक तुकडा हनुवटीजवळ ठेवा. हा तुकडा इतर दहांच्या मोलाचा आहे. सरावाबाहेरही, तो कोपऱ्यात असा पडलेला दिसला की जाता-येता एक दाणा ठेवत चला. सकाळी त्याच्या रोजच्या खाण्यातले ५० दाणे एका डब्यात मोजून ठेवा आणि रात्रीपर्यंत ते फक्त शांतपणासाठी संपवा.

मीटिंग, चप्पल, जेवण, पाहुणे

मीटिंगच्या वीस मिनिटं आधी शी-शूसाठी खाली नेऊन आणा. पाच मिनिटं आधी सतरंजी आणि गोठवलेला काँग द्या. त्याने भुंकायला सुरुवात केल्यावर काँग दिलात तर तुम्ही भुंकण्याची मजुरी दिलीत, म्हणून काँग नेहमी आधी. पहिले दोन आठवडे महत्त्वाच्या मीटिंगच्या वेळी दुसऱ्या कुणीतरी त्याला वेगळ्या खोलीत सांभाळायचं. सराव खोट्या मीटिंगवर करायचा. खऱ्या मीटिंगमध्ये तुमचा धीर आधी सुटतो.

एक सापळा समजून घ्या, कारण समजूतदार घरंही त्यात अडकतात. कुत्रा भुंकतो, तुम्ही ‘सीट’ म्हणता, तो बसतो, तुम्ही खाऊ देता. तुम्हाला वाटतं आपण बसणं शिकवलं. तो शिकतो: भुंक, मग बस, मग खा. पूर्ण साखळीच त्याला पाठ होते आणि तिची सुरुवात भुंकण्याने होते. साखळी तोडायची तर ‘सीट’ त्याने भुंकायच्या आधी म्हणायला हवं. तो उठून तुमच्याकडे येताना, तोंड अजून मिटलेलं असताना. ती वेळ हुकली तर गप्प रहा, भुंकणं थांबू द्या, दहा सेकंदांची शांतता जाऊ द्या, मग काहीतरी वेगळं करायला सांगा आणि त्याचं बक्षीस द्या. तेवढ्या अंतराने भुंकणं आणि खाऊ यांचा दुवा तुटतो.

चप्पल-मोज्यांच्या बाबतीत पहिला उपाय म्हणजे दाराचं कपाट. मोजे जमिनीवर राहताच कामा नयेत. लॅब्रॅडॉर मोजे गिळतात, ते आतड्यात अडकतात आणि पोट उघडून काढावे लागतात. मोजा नाहीसा झाला आणि पाठोपाठ उलट्या, न खाणं, पोट ताठ असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चप्पल उचललीच आणि ती चावून धोका नसेल तर मागे धावू नका, बघूसुद्धा नका. दुसऱ्या खोलीत जाऊन त्याच्या खेळण्याशी स्वतः खेळायला लागा. धोक्याची वस्तू असेल, म्हणजे औषधाची पट्टी, मोजा, चार्जर, तर दुर्लक्ष करायचं नाही. मूठभर दाणे त्याच्यापासून दूर जमिनीवर उधळा, तो खायला गेला की वस्तू शांतपणे उचला. रोज हेच केलं तर तो दाण्यांसाठीच चोरी करील, म्हणून ‘सोड’ हा शब्द त्याच्याच खेळण्यांवर वेगळा शिकवा: खेळणं तोंडात असताना तुकडा द्या, सोडलं की खेळणं परत द्या. वस्तूवर बसून गुरगुरत असेल तर हात घालू नका आणि गुरगुरल्याबद्दल रागावूही नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून टाकली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल.

जेवणाच्या वेळी ताटातून कुणीही, कधीही काही द्यायचं नाही. आजींचं प्रेम मात्र बंद करायचं नाही, तिथे भांडून काही साधत नाही. त्यांच्याजवळ दाण्यांचा लहान डबा द्या आणि सांगा, की तो सतरंजीवर पडलेला असेल तेव्हा हवं तेवढं द्या, फक्त त्याच्याजवळ जाऊन, टेबलावरून नाही. आजींना द्यायला मिळतं, त्याला खायला मिळतं, आणि पंजा मारण्याचं काम राहत नाही.

पाहुण्यांचं थोडक्यात. दारावर फाटक किंवा पट्टा बांधायला भक्कम कडी हवी. पाहुणा आत आला की दोन मीटरवर थांबतो. चारही पाय जमिनीवर असतील तर जवळ येतो, उडी मारली की एक पाऊल मागे जातो. उडी मारणाऱ्याच्या छातीवर गुडघा लावू नका, पाय तुडवू नका. मुलीला शिकवा: त्याने अंगावर झेप घेतली तर हात छातीशी दुमडून, नजर पायाकडे, गप्प उभं राहायचं. किंचाळत पळाली तर त्याचा खेळ सुरू होतो. दोघांना मोठ्या माणसाशिवाय खोलीत ठेवू नका.

आता दुर्लक्ष, आणि ते कसं करायचं

वरचं सगळं आठवडाभर चाललं की भुंकण्याला मिळणारं लक्ष बंद करा. अर्धवट नाही, पूर्ण. मान वळवा, बोलू नका, बघू नका. दहा सेकंदांत थांबला नाही तर उठून खोलीबाहेर जा, दार लावा, वीस-तीस सेकंद थांबा, आवाज बंद असताना आत या आणि आपलं काम चालू ठेवा. त्याला कोंडायचं नाही, आपण निघून जायचं. तीस सेकंदांपेक्षा जास्त थांबून फायदा नाही, तोवर तो दुसरंच काहीतरी करायला लागतो.

सुरुवातीचे काही दिवस भुंकणं आधीपेक्षा जास्त होईल: मोठं, लांब, त्यात नवीन प्रकारसुद्धा. जे आजवर चाललं ते चालेनासं झालं, म्हणून तो जोर लावून बघतो. तुमच्या त्या चार दिवसांत हेच झालं. या टोकाला हरून एकदा जरी ‘अरे, काय पाहिजे तुला!’ म्हणालात, तर तो शिकतो की एवढ्या जोरानेच भुंकायचं असतं, आणि पुढची सुरुवात तिथूनच होते. म्हणून आपल्याला निभेल अशीच वेळ निवडा. घरात परीक्षा, आजारपण, मोठं काम असेल तर हा टप्पा पुढे ढकला, गरजा भागवणं आणि सतरंजी तेवढी चालू ठेवा. बऱ्याच घरांत तेवढ्यानेच भुंकणं इतकं कमी होतं, की हा टप्पा फारसा जाणवत नाही.

खालच्या मजल्यावरच्यांना आधी भेटून सांगा, की आठ-दहा दिवस आवाज वाढेल आणि का वाढेल. शिकवण्याच्या वेळा सकाळी दहा ते बारा, संध्याकाळी पाच ते सात अशाच ठेवा. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भुंकण्याच्या कारणावरून सोसायटीला कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण त्याच सूचना शेजाऱ्यांना त्रास होऊ नये याची काळजी मालकाने घ्यावी असंही म्हणतात, आणि ती घ्यायलाच हवी.

काही गोष्टी मुळीच करू नका. विजेचा धक्का देणारे पट्टे, भुंकल्यावर तोंड बांधून ठेवणं, गॅलरीत बांधून दार लावणं. लेझर टॉर्चचा ठिपकाही नाही. तो कधीच पकडता येत नाही आणि काही कुत्रे पुढे सावल्या नि प्रकाशाच्या कवडशांमागे तासन् तास लागतात. शेपटीमागे गोल फिरणं, पंजा चाटून लाल करणं, बोलावल्यावरही भान न येणं असं दिसलं, किंवा दात लागले, रक्त निघालं, तर घरच्या घरी प्रयोग थांबवा आणि वर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्यांना दाखवा. प्रशिक्षक निवडताना एकच प्रश्न विचारा: कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता? उत्तरात साखळीचा झटका आला, तर दुसरा शोधा.

सगळं सुरळीत चाललं असताना सवय अचानक परत डोकं काढते, तेही धरून चाला. बहुधा दिवाळीत नातेवाईक येतात, चार दिवस ताटातून फराळ मिळतो, उड्यांना हसून दाद मिळते, आणि ते गेल्यावर पहिल्याच मीटिंगला तो पुन्हा समोर उभा राहून भुंकतो. शिकलेलं पुसलं गेलेलं नसतं. दर पाऊण तासाची दोन मिनिटं, ५० दाण्यांचा डबा आणि सतरंजीचे तीन-तीन मिनिटांचे सराव पहिल्या आठवड्यासारखे पुन्हा सुरू करा, तीन सेकंदांच्या पायरीपासून. या खेपेला पायऱ्या कितीतरी भराभर चढल्या जातात.